मलशेट्टे सरांची पडवी

मलशेट्टे सरांच्या गौरवग्रंथासाठी लेख मागायला आमच्या कॉलेजातले दोन तरुण प्राध्यापक घरी आले होते. मी त्यांना चहा दिला आणि लेख देणार नाही म्हणून सांगितलं. त्यांना वाटलं, मला वेळ नसेल. निवृत्त बाईला वेळच वेळ असतो. "मॅडम, सरांसोबत सगळ्यांत जास्त वर्षं तर तुम्हीच काढलीत," त्यातला एक जण म्हणाला. "म्हणूनच," मी म्हणाले. ते हसले. मी हसले नाही. ते गेल्यावर मात्र स्वस्थ बसवेना, म्हणून हे लिहायला घेतलं. ग्रंथात हे छापणार नाहीत, आणि छापूही नये.

सर आमच्याकडे एकाच शब्दावरून ओळखले जायचे. तो शब्द म्हणजे "साकु". सर उदगीरच्या बाजूचे, घरात निम्मं कानडी. साकु म्हणजे पुरे. जेवताना पानात भात वाढणाऱ्याला म्हणायचा हा साधा शब्द, पण सरांनी तो बोलणाऱ्या माणसासाठी राखून ठेवला होता. समोरच्यानं वाक्य सुरू केलं की सर उजव्या हाताचा तळवा उभा धरायचे आणि म्हणायचे, "साकु." प्राचार्य असो, शिपाई असो, शंका विचारणारा विद्यार्थी असो, सगळ्यांना तोच तळवा. माणूस काय म्हणणार हे त्यांना आधीच कळलेलं असायचं, निदान त्यांची तशी खात्री असायची. मला तो शब्द अजूनही कानाला टोचतो. कर्नाटकातल्या एका लग्नात वाढप्याला कोणी सहज साकु म्हणालं, तर माझा हात पानावरच थांबला होता.

दिसायला माणूस देखणा. उंच, सडपातळ, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, पांढरा सदरा, आणि सदऱ्याच्या खिशात पेनाऐवजी एक भिंग. पेन ते दुसऱ्याचं घ्यायचे.

मी नांदेडहून लातूरला रसायनशास्त्र शिकवायला आले, त्याच दिवशी आमची पहिली गाठ पडली. मोपेड मी सोबत आणली होती. त्या काळच्या मोपेडच्या टाकीचं झाकण नुसत्या हातानं फिरायचं. कॉलेजच्या स्टँडवर गाडी लावून मी दोन पावलं गेले असेन, मागे वळून बघते तर एक अनोळखी गृहस्थ माझ्या टाकीचं झाकण काढून त्यात नाक खुपसून उभे.

"कुठं भरलं हे?"

"नांदेडला, सर." कोणीतरी सर असणार, हे रुबाबावरूनच कळलं.

"गोड वास येऊन राहिलाय. झायलीन जास्त आहे. आणि वर टाकी गच्च भरून उन्हात लावता? दुपारपर्यंत निम्मी हलकी संयुगं उडून मुलांच्या नाकात जातील. एमएस्सी झालात ना?"

"हो, पण मला—"

"साकु."

भोवती मुलं जमली होती. नव्या नोकरीचा पहिला दिवस, अंगावर आईनं घेतलेली नवी साडी, आणि माझ्याआधी माझ्या मोपेडची अब्रू गेली. नुसत्या नाकानं झायलीन ओळखता येतं का, यावर मी पुढे बरंच वाचलं. गोडसर वास ओळखता येतो, पण त्यावरून जास्त-कमी असं काही सांगता येत नाही. म्हणजे त्या दिवशी सर चक्क ठोकून देत होते. हे त्यांच्या तोंडावर सांगायची आमच्यात कोणाची छाती नव्हती, माझीही नव्हती.

शिकवायचे मात्र असे की दुसऱ्या वर्गातली मुलं खिडकीशी येऊन उभी राहायची. त्यांना शिकवता येत नसतं तर त्यांचा राग करणं मला किती सोपं गेलं असतं. त्यांचा आवडता धडा म्हणजे पेट्रोल आणि धुरकं. ते म्हणायचे, "पेट्रोल हा एक पदार्थ नाही, ती भेळ आहे. शंभर जिनसा आहेत तीत. कोणती जिन्नस किती, यावर गावाची हवा ठरते." मग ते मुलांना उभं करायचे. मागच्या बाकावरचा आळशी मुलगा म्हणजे सरळ साखळीचा अल्केन, हवेत गेला तरी कोणाच्या अध्यात नाही मध्यात नाही, सावकाश काय ते करील. शीघ्रकोपी पोरगा म्हणजे द्विबंधवाला अल्कीन, हवेत आला की लगेच भिडतो. बडबड्या मुली म्हणजे टोल्युइन आणि झायलीन, त्यांच्यामुळे सगळा वर्ग पेटतो. ऊन हा मास्तर. गाडीच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड ही मारामारीची जागा. ही सगळी मंडळी उन्हात एकत्र आली की काही तासांत ओझोन तयार होतो, आणि तो छातीत जातो. आकाशात उंचावर आहे तो ओझोन आपलं रक्षण करतो, नाकासमोरचा आपल्याला मारतो. "धुरकं म्हटलं की तुम्हाला हिवाळ्यातली सकाळ आठवते," ते म्हणायचे. "आमचं धुरकं भर उन्हात, दुपारी दोनला, स्वच्छ दिसणाऱ्या हवेत असतं. दिसत नाही म्हणूनच ते नालायक आहे."

याच खेळात त्यांनी माझंही नाव ठेवलं. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "जाधवबाई म्हणजे बेंझीन. धुरक्याच्या भानगडीत फारशा पडत नाहीत, पण माणसाला आतून पोखरतात." लोक हसले. पुढे निवृत्तीपर्यंत मी बेंझीनच राहिले. मुलांनी सरांना द्विबंध हे नाव ठेवलं होतं, तेवढंच मला समाधान.

त्यांचा पेट्रोलवरचा राग नुसता पुस्तकी नव्हता, हे मला वर्षभरानं कळलं. त्यांच्या पत्नीला, नीलाक्काला, दमा होता. लग्नानंतर कित्येक वर्षांनी सुरू झालेला. गंजगोलाईच्या, म्हणजे गावातल्या मुख्य बाजाराच्या, मागच्या एका गल्लीत ते भाड्यानं राहायचे. गल्लीच्या तोंडाशी पेट्रोल पंप, आणि पलीकडे शिकवण्यांच्या इमारती, तिथं पोरांच्या शेकडो दुचाक्या. नीलाक्का बुटकी, गोरी, हसरी बाई. गल्लीतल्या सगळ्या बायकांचं दुपारचं बसणं तिच्या ओट्यावर. शेवया, पापड, वाती, सगळं तिथंच. दम लागला की ती हातातलं काम न ठेवता नुसती बोलायची थांबायची, आणि बायका तोवर तिच्या वाटचं बोलून घ्यायच्या. मीही त्या ओट्यावर बरेचदा बसले आहे. सर आले की सगळ्या उठायच्या.

नीलाक्काचा श्वास, एवढी एकच गोष्ट या माणसाला जगात प्यारी होती. हे मी नाकारत नाही. तिच्यासाठी त्यांनी काय केलं, तेच तर सांगायचं आहे.

नांदेडला विद्यापीठाचे पेपर तपासायला आम्ही दरवर्षी एसटीनं जायचो. एका वर्षी पर्यावरणाच्या पेपरात प्रश्न होता, शहराच्या चौकापेक्षा शहराबाहेर ओझोन जास्त का आढळतो? प्रश्न सरांनीच काढलेला. उत्तर असं की, चौकात गाड्यांचा ताजा धूर असतो, त्यातला नायट्रिक ऑक्साइड तिथल्या तिथं ओझोन खाऊन टाकतो. पेट्रोलची वाफ आणि बाकीचा ऐवज वाऱ्याबरोबर पुढे जातो, वाटेत उन्हात शिजतो, आणि गावाबाहेर मोकळ्या रानात त्याचा ओझोन होतो. चपळ संयुगं जवळपास काम उरकतात, सुस्त संयुगं लांबवर करत जातात. बहुतेक मुलांनी लिहिलं होतं की गावाबाहेर झाडं असतात, हवा शुद्ध असते, म्हणून तिथं ओझोन कमी. सरांनी अशा प्रत्येक उत्तराला शून्य दिलं. एकाच्या उत्तरावर तर लाल शाईनं लिहिलं, मूर्ख.

मी म्हणाले, "सर, प्रश्नच अवघड आहे. बाकीचं बरोबर लिहिलंय, एखादा गुण—"

"साकु. जिथं धूर दिसत नाही तिथं हवा चांगली, असं अडाणी माणूस म्हणतो. यांना पदवी पाहिजे ना?"

मॉडरेटरशी भांडून त्यांनी ती शून्यं कायम ठेवली. परतीच्या गाडीत ते शांत झोपले आणि मी कुढत बसले. त्या पेपरातली पोरं धर्माबादकडची, मुखेडकडची, घरात पहिल्यांदा कॉलेजात आलेली. हा प्रसंग लक्षात ठेवा, कारण मी तो कधी विसरले नाही.

एकदा आमच्या स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुणे म्हणून जवळच्या एका साखर कारखान्याचे संचालक आले होते. भाषणात म्हणाले, आपल्या उसाचं इथेनॉल पेट्रोलात जातं, आता धुराचा प्रश्न मिटला. टाळ्या पडल्या. सर पहिल्या रांगेतून उठले. "इथेनॉल घातलं की पेट्रोल जास्त उडतं. म्हणून मूळ पेट्रोलातली हलकी संयुगं आधी कमी करावी लागतात. ते कोणी बघितलं का? तुम्हाला ठाऊक आहे का?" पाहुणे म्हणाले, "सर, आपण नंतर निवांत—" आणि सरांनी, भर सभेत, माईकवर बोलणाऱ्या पाहुण्याला तळवा दाखवला. प्रश्न योग्य होता, मी स्वतः तो विचारला असता. पण त्या तळव्यानंतर सभागृहात एकही माणूस इथेनॉलचा विचार करत नव्हता. सगळे पाहुण्याच्या बाजूचे झाले होते. खरं बोलून माणसं विरोधात कशी घालवावीत हे सरांकडून शिकावं.

ओझोन मोजायचं यंत्र घ्या, म्हणून ते कॉलेजच्या मागे लागले होते. कॉलेजनं घेतलं नाही, आणि कोणी दुसऱ्यानं मागितलं असतं तर कदाचित घेतलं असतं. मग सरांनी जुनी युक्ती काढली. कच्च्या रबराला ताण देऊन ठेवलं की ओझोननं त्याला आडव्या चिरा पडतात, जितका ओझोन तितक्या खोल. प्रयोगशाळेतली लाल रबरी नळी कापून त्यांनी पट्ट्या केल्या. प्रत्येक पट्टी लाकडाच्या तुकड्यावर वाकवून काळ्या दोऱ्यानं घट्ट बांधायची, वर ऊन लागू नये म्हणून पत्र्याचा डबा पालथा टांगायचा. अशा पट्ट्या त्यांनी गल्लीत विजेच्या खांबाला, पंपाच्या भिंतीला, लिंबाच्या फांदीला, आणि कोणाला न विचारता लोकांच्या चौकटींना टांगल्या.

लाल तुकडा, त्याला काळा दोरा, वर पालथा डबा, आणि लावणारा माणूस कोणाशी न बोलणारा, कपाळाला विभूती फासलेला. आमच्या भागात याला काय म्हणतात हे लहान पोरही सांगेल. समोरच्या कोंडाबाईच्या सुनेला त्याच आठवड्यात झटके आले. झालं, सरांनी गल्लीवर भानामती केली.

कोंडाबाई चार माणसं घेऊन ओट्यावर आली तेव्हा मी तिथंच होते. भांडायला नव्हती आली, घाबरून आली होती. "सर, ते काय टांगलाव तुमी? आमची सून लई बेजार हाय. काय आसंल ते काढून घ्या, पाया पडते."

नीलाक्का उठली. "कोंडाबाई, अगं ते तसलं न्हाई. बस, मी सांगते, ते हवंचं—"

"साकु," सर म्हणाले. बायकोला. मग कोंडाबाईला म्हणाले, "अडाणी लोकांना मी काही सांगत नसतो."

आणि दार लावून घेतलं. सरांच्या आयुष्यात इतकी सोपी वेळ परत आली नसेल. नीलाक्कानं दोन वाक्यांत सगळं निस्तरलं असतं. कोंडाबाईचा तिच्यावर जीव होता. पण तळवा आडवा आला. दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीतल्या पोरांनी सगळ्या पट्ट्या ओरबाडून काढल्या, ओट्यासमोर ढीग केला, वर चार जुने टायर टाकले, आणि रॉकेल ओतून पेटवून दिला. काळा जाड धूर थेट घरात. नीलाक्काला दवाखान्यात न्यावं लागलं. तिला उचलून रिक्षात घालणारी बाई कोंडाबाईच होती, रडत होती आणि स्वतःच्याच तोंडात मारून घेत होती.

"या गल्लीत माणसं राहत नाहीत," सर मला म्हणाले. त्यांनी नांदेड रोडला, गाव संपल्यावर, आधीच एक प्लॉट घेऊन ठेवला होता. सहा-सात महिन्यांत घर बांधलं. नीलाक्काला जायचं नव्हतं. ती मला म्हणाली होती, "मला गल्लीतच बरं वाटतंय बाई. तितं बोलायला कोण हाय?" सरांना तिनं सांगायचा प्रयत्न केला होता का, हे मी विचारलं नाही. केला असणार.

घर गावाच्या पूर्वेला. उन्हाळ्यात आमच्याकडे दुपारचा वारा पश्चिमेकडून येतो, गावावरून. सरांनी पडवी मुद्दाम पश्चिमेला काढली, वाऱ्याच्या तोंडाला, नीलाक्काला मोकळी हवा मिळावी म्हणून. आत स्वयंपाकाचा गॅस, फोडणीचा खाट, गाद्यांची धूळ. बाहेर चहूकडे रान, लांबवर एकही धुराडं नाही. दुपारचं जेवण झालं की नीलाक्कानं पडवीत बाजेवर बसायचं, चार वाजता चहाला आत यायचं, हा सरांचा नियम. ऊन फार झालं तर ओलं गोणपाट टांगायचे, पण बसायचं पडवीतच. मी गेले की त्या हवेचं कौतुक माझ्या गळी उतरवायचे. "श्वास घ्या, जाधवबाई. कुठं वास येतो का पेट्रोलचा?" वास येत नव्हता, हे खरं होतं.

नीलाक्का बाजेवर एकटी बसलेली असायची, मांडीत निवडायचं काहीतरी. तिला बोलायला माणूस नव्हतं आणि बोलायला दमही पुरत नव्हता. माझ्यासमोर तिनं एकदा म्हटलं होतं, "अवो, दुपारी हितं बसलं की छाती भरून येतीया. सकाळी बरं आसतंय. म्या आत बसू का वाईच?"

"आत गॅसचा धूर आहे."

"गॅस तर बंद हाय की आता. मला—"

"साकु. हवा खा."

ती परत निवडायला लागली. डॉक्टरनं औषध वाढवलं, इनहेलर दिवसातून दोनदाचा चारदा झाला. सर म्हणायचे, गल्लीनं केलेलं नुकसान भरून यायला वेळ लागेल. असे तीन उन्हाळे गेले.

तिसऱ्या उन्हाळ्यात त्यांनी पुन्हा पट्ट्या लावल्या. या वेळी गावातल्या एका चौकात, कॉलेजच्या गच्चीवर आणि घराच्या पडवीत. चौकातली हवा किती सडलेली आहे आणि आपण बायकोला कुठं आणून ठेवलंय, हे त्यांना गावाला दाखवून द्यायचं होतं. महिन्याभरानं एका रविवारी त्यांनी मला बोलावून घेतलं. "तुमचे डोळे अजून बरे आहेत. चिरा बघायच्या आहेत." कृपया वगैरे शब्द त्यांच्याकडे नव्हतेच.

पडवीत टेबल मांडलं होतं. नीलाक्का बाजेवर. मी भिंग लावून पहिली पट्टी बघितली, चौकातली. चिरा होत्या, केसाएवढ्या. कॉलेजच्या गच्चीवरची थोडी जास्त फाटलेली. तिसरी हातात घेतली आणि भिंगाची गरजच पडली नाही. वाकवलेल्या भागावर आडव्या चिरा नुसत्या डोळ्यांना दिसत होत्या, एका ठिकाणी पट्टी तुटायला आली होती. ती पडवीतली होती.

सरांनी ती माझ्या हातातून घेतली. फिरवून बघितली. "तुम्ही घोळ घातलात," ते म्हणाले. "चौकातली आणि ही बदलली."

"सर, पडवीतली तुम्ही आत्ता माझ्यासमोर खिळ्यावरून काढलीत."

त्यांनी पट्टी पुन्हा उजेडात धरली. मग मी बोलले, आणि मला त्याचं जरासुद्धा वाईट वाटत नाही. "सर, नांदेडच्या पेपरातला प्रश्न आठवतो का? शहराच्या चौकापेक्षा शहराबाहेर ओझोन जास्त का आढळतो? तुम्ही शून्य दिलं होतंत. एकाला मूर्ख लिहिलं होतंत."

त्यांचा तळवा वर आला. शब्द मात्र आला नाही. हात तसाच हवेत राहिला आणि मग हळूच टेबलावर उतरला. तीस वर्षं हा माणूस फळ्यावर वाऱ्याचा बाण काढून शिकवत होता, आणि स्वतःचं घर बांधताना त्यानं त्या बाणाच्या टोकाशी बायकोची बाज टाकली होती. जिथं धूर दिसत नाही तिथं हवा चांगली, असं धरून चालला होता.

"काय झालं गं?" नीलाक्कानं मला विचारलं.

मी तिला सगळं सांगितलं. सर मध्ये बोलले नाहीत, आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, "अक्का, गावातली पेट्रोलची वाफ वाऱ्यानं इकडं येते. वाटेत उन्हात तिचं विष होतं. वास येत नाही, दिसत नाही. दुपारी ते इथं बाहेर जास्त असतं. दारं-खिडक्या लावून आत बसलं असतं तर बरंच कमी लागलं असतं."

तिनं मांडीतलं ताट बाजूला ठेवलं. "मग मी दुसरं काय सांगून राहिले होते?" ती सरांकडे बघून म्हणाली. आवाज चढवला नाही, चढवायला श्वासही नव्हता. "दुपारी भरून येतंय म्हटलं. आत बसू का म्हटलं. तीन उन्हाळे."

मग ती उठली, आत गेली आणि दार लावून घेतलं. कडी लागल्याचा आवाज आम्ही दोघांनी ऐकला. मी पिशवी उचलून निघाले. फाटकाशी वळून बघितलं तर सर खिडक्यांची तावदानं बाहेरून ढकलून ढकलून बंद करत होते.

पुढच्याच आठवड्यात नीलाक्का गल्लीत परत गेली. कोंडाबाईनं स्वतःच्या घरातली पुढची खोली दिली. गल्लीची हवा काही गंगाजळ नाही. तिथं धूर आहे, धूळ आहे, पंपाचा वास आहे, आणि नीलाक्काचा दमा तिथंच सुरू झाला होता. मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "ठाव हाय मला. पर हितं दार लावा म्हटलं की लोक लावत्यात." सरही मागोमाग गेले. नांदेड रोडचं घर कुलूप लावून पडलं. ज्या गल्लीनं त्यांना भानामतीवाला म्हटलं, त्या गल्लीत ते खाली मान घालून दूध आणायला जायला लागले. गल्लीनं त्यांना माफ केलं असं मी म्हणणार नाही. नीलाक्काचा नवरा म्हणून खपवून घेतलं.

त्यांना शेवटचं बघितलं ते गेल्या एप्रिलमध्ये. नीलाक्काला भेटायला मी जेवणवेळेनंतर गेले. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आकाश अगदी स्वच्छ. कोंडाबाईचं दार लावलेलं, खिडक्या लावलेल्या, फटींत कपड्यांच्या गुंडाळ्या कोंबलेल्या. दाराबाहेर पायरीवर सर बसले होते, डोक्यावर पंचा, सदऱ्याच्या खिशात भिंग. अंग झडून गेलं होतं.

"उन्हात का बसलात?"

"आत बायका आहेत," ते म्हणाले. तक्रार केल्यासारखं नाही, नुसती माहिती दिल्यासारखं.

मी दार ढकलून आत गेले. आत पाचसहा जणी शेवया करत होत्या, बोलत होत्या. मधोमध नीलाक्का, पाटावर, तोंडभर हसत. तिनं हातानंच मला बस म्हटलं. दम लागला होता थोडा, बायका तिच्या वाटचं बोलत होत्या. मी बसते न बसते तोच सर उंबऱ्यापाशी येऊन उभे राहिले. दार माझ्यामुळे अर्धवट उघडं राहिलं होतं.

"दार उघडं ठेवू नका," ते म्हणाले. "या वेळेला ओझोन सगळ्यात—"

नीलाक्कानं शेवयांवरची नजर काढली नाही. पिठाचा हात वर केला, तळवा उभा.

"साकु."

बायका हसल्या नाहीत. गप्पा पुढे चालू झाल्या. सरांनी हात लांब करून दार ओढून घेतलं, बाहेरून.